पहिल्या दिवसाचा सूर्य

मी भांडखोर माणूस नाही. हे वाक्य मी उच्चारलं की माझी बायको करुणा स्वयंपाकघरातून हसते, ते सोडा. पण जिला मांडीवर बसवून शास्त्रातली वचनं पाठ करून घेतली, ती सख्खी नात सकाळी चहाच्या वेळी समोर बसून "आजोबा, उत्क्रांती खरी आहे" असं म्हणाली, तर कोणत्या आजोबाचा आवाज चढणार नाही? माझा चढला. तळमजल्यापर्यंत गेला, असं नंतर कळलं.

आधी थोडं सांगतो, म्हणजे कोणी उगाच मला दोष देणार नाही. मी श्यामसुंदर रणनवरे, वय एकाहत्तर, राहणार विश्रांतवाडी. धंद्याने पेंटर. भिंती रंगवणारा नव्हे, अक्षरं काढणारा. आळंदी रोडवरच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एकेकाळी माझ्या ब्रशच्या होत्या. मग फ्लेक्स आले आणि आमचे ब्रश डब्यात गेले. आता मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रविवार शाळेचा सुपरिंटेंडंट आहे. उपासनेच्या आधी तासभर चर्चमागच्या हॉलमध्ये पोरांना शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवायचं, हे काम. बावीस वर्षं करतोय आणि एकही रविवार चुकवलेला नाही.

ओवी माझ्या मुलाची, सलिलची मुलगी; आम्ही सगळे एकाच घरात राहतो. यंदा दहावीत आहे आणि यंदाच तिचं दृढीकरण. बाळपणी बाप्तिस्मा होतो तेव्हा पोराच्या वतीने मोठी माणसं बोलतात. पोर जाणतं झालं की ते स्वतःच्या तोंडाने "होय, माझा विश्वास आहे" म्हणतं, ते दृढीकरण. बिशपसाहेब येतात, डोक्यावर हात ठेवतात, बायका नव्या साड्या नेसतात.

आमच्या मंडळीत याच्या आदल्या रविवारी एक जुनी रीत आहे, माझ्या वडिलांच्या काळापासूनची. प्रत्येक पोराने सगळ्यांसमोर साक्ष द्यायची, म्हणजे आपला विश्वास काय ते आपल्या शब्दांत सांगायचं. मग पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, विचारतात, "हिच्यासाठी कोण उभं राहतं?" आईबाप सोडून मंडळीतलं एक वडीलधारं माणूस उठून पुढे जातं, पोराच्या शेजारी उभं राहतं आणि म्हणतं, "मी उभा राहतो." कोणीच उठलं नाही, तर त्या वर्षी दृढीकरण नाही. असं आजवर कधी झालेलं नाही. ओवीने तर पाच वर्षांची असतानाच मला सांगून ठेवलं होतं, "माझ्या वेळी तुम्हीच हं, आजोबा."

तर त्या सकाळी ती साक्षीचा कागद घेऊन बसली होती.

"वाच," मी म्हणालो.

तिने वाचलं. "देवाने हे जग निर्माण केलं यावर माझा मनापासून विश्वास आहे. त्याने माणसाला आपल्या प्रतिरूपाचं केलं, म्हणून प्रत्येक माणूस मोलाचा आहे. सजीव त्याने कोट्यवधी वर्षांत, उत्क्रांतीच्या वाटेने घडवले, असं मला अभ्यास करून पटलं आहे."

पहिल्या दोन वाक्यांना माझे डोळे ओले झाले होते. तिसऱ्याला कोरडे झाले.

"ते तिसरं वाक्य काढ."

"का?"

"का म्हणजे? देवाने सहा दिवसांत जग केलं, असं शास्त्रात आहे. सहा म्हणजे सहा! हॉलच्या भिंतीवर सहा चित्रं मी स्वतः रंगवलीत. आठवतंय ना?"

तिने कागदावरून मान वर केली. "आठवतंय की. चांगलंच आठवतंय."

"मग काढ."

"नाही काढणार. साक्ष म्हणजे जे खरं वाटतं ते, हे तुम्हीच शिकवलंय. पेपरात एक आणि चर्चमध्ये दुसरंच, असं मी नाही बोलणार."

"म्हणजे देवापेक्षा दहावीचं पुस्तक मोठं?"

"असं मी म्हटलंच नाहीये! अहो आजोबा, उत्क्रांती खरी आहे एवढंच म्हणतेय. देव नाही असं कुठे म्हणतेय?"

इथेच तो आवाज चढला. आणि चढत्या आवाजात माणूस जे बोलतो ते मी बोललो. "मग मीही तुझ्यासाठी उभा राहणार नाही." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

ओवी रडली असती तर बरं झालं असतं. तिने कागदाची घडी घातली, कप विसळून पालथा ठेवला आणि क्लासला निघून गेली.

"शाब्बास," करुणा म्हणाली. "प्रभूने जकातदारांनासुद्धा जवळ घेतलं. तुम्हाला दहावीतली पोर जड झाली."

मी तडक आत जाऊन रंगरावांना फोन लावला. रंगराव आमच्या मंडळीतले सर्वांत जुने सभासद, आणि कडक. त्यांना मी तावातावाने सांगितलं की असल्या साक्षीसाठी कोणीही उभं राहू नये, मग ती माझी नात का असेना. ते म्हणाले, "रणनवरे, सलाम तुम्हाला! अशी माणसं राहिली नाहीत." मला बरं वाटलं. दहा मिनिटं वाटलं.

साक्षीला तीन आठवडे होते. मी ठरवलं, पोरीला दटावायचं नाही, पुराव्यानिशी हरवायचं. उत्क्रांती खोटी पाडून दाखवली की तिसरं वाक्य ती स्वतःच खोडेल. अडचण एकच होती. ज्या गोष्टीविरुद्ध मी बावीस वर्षं बोलत आलो, ती नेमकी आहे काय, हे मी कधी वाचलंच नव्हतं.

म्हणून मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. तिथे यज्ञेश्वर गद्रे राहतात. पस्तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. देव, धर्म, सत्यनारायण, सगळ्यांना सारख्याच अंतरावर ठेवतात. खालच्या बाकावर आमची रोज संध्याकाळी जुंपते, त्याला आता पंधरा वर्षं झाली.

"अहो गद्रे, ताकाला येऊन भांडं कशाला लपवू? मला उत्क्रांती खोटी पाडायचीय. तीन आठवडे आहेत."

त्यांनी चष्मा पुसला. "दीडशे वर्षं लोक खटपट करताहेत. तुम्ही तीन आठवड्यांत उरकताय. बसा."

"शिकवणार?"

"विरोध करा, खुशाल करा. पण ज्याला विरोध करायचा त्याचं नाव-गाव तरी ठाऊक हवं. उद्यापासून चार वाजता. वही आणा. उशीर झाला तर दार उघडणार नाही."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी चार वाजून सात मिनिटांनी गेलो तर दार उघडलं नाही.

पहिल्याच धड्याला मी तोफ डागली. "माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडं अजून माकडंच कशी?"

"तुमचे चुलतभाऊ आहेत?"

"आहेत. नेवाशाला."

"ते तुमचे वडील आहेत का?"

"काहीतरीच काय!"

"तुमचे आणि त्यांचे आजोबा एक. तसंच माकडाचं आणि आपलं. ते बाप नव्हे, भाऊबंद. माकडापासून माणूस झाला असं या विषयात कोणी म्हणत नाही. पुढचा प्रश्न."

बावीस वर्षं मी हाच प्रश्न टाळ्या घेत पोरांना सांगत आलो होतो. तो गेला.

मग नैसर्गिक निवड. म्हणजे काय, मी विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या वेळी आळंदी रोडला ब्रशने पाट्या काढणारे किती होते?"

"पंधरा-सोळा."

"आज?"

"एकही नाही. फ्लेक्सने खाल्ले."

"झाला धडा. परिस्थिती बदलली, तिच्याशी जुळलं ते टिकलं."

"म्हणजे मी डायनासोर?"

"छे, छे. डायनासोर साडेसोळा कोटी वर्षं टिकले."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण वही मिटली नाही. दुसऱ्या दिवशी मी डोळ्याचा मुद्दा काढला. इतकी नाजूक गोष्ट थोडीथोडी कशी होईल? अर्धा डोळा काय कामाचा? गद्रे म्हणाले, "मोतीबिंदू झाला तेव्हा तुम्हाला फक्त उजेड आणि सावली दिसत होती. तेव्हा डोळा निरुपयोगी म्हणून काढून टाकलात का? जिन्याचा कठडा दिसत होता ना?" मी गृहपाठ लिहून न्यायचो, ते तपासायचे. पहिल्या आठवड्यात दहापैकी दोन मार्क मिळाले.

"हे दोन कशाचे?"

"अक्षर सुंदर आहे."

मला हे पटलं, असं मात्र समजू नका. निम्मं मला आजही पटत नाही. पण एक झालं, समोरच्याला मूर्ख म्हणायची सोय गेली. आणि ती सोय फार आवडीची होती, हे कबूल केलं पाहिजे.

तिसऱ्या आठवड्यात मी वही बाजूला ठेवली. "गद्रे, एक विचारतो. एवढ्या पुस्तकांत माणसाची किंमत कुठल्या पानावर आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे जो टिकायला लायक नाही तो. पांगळा, आजारी, म्हातारा. त्याला कशाला सांभाळायचं?"

गद्र्यांची नजर आतल्या खोलीकडे गेली. तिथे त्यांचे थोरले बंधू माधवराव नऊ वर्षं अर्धांगाने पडून आहेत. त्यांना अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं गद्रे स्वतः करतात. बाई ठेवलेली त्यांना चालत नाही.

"ते आमच्या विषयात येत नाही," ते म्हणाले.

"पण तुम्ही करता."

"करतो."

"का?"

"माहीत नाही, रणनवरे." पंधरा वर्षांत या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. "ते तुमच्या शास्त्रात असेल. तिथे मी मार्क देऊ शकत नाही."

जिंकलो! जिना चढताना मी दोन-दोन पायऱ्या घेतल्या. घरी जाऊन ओवीला हेच सुनवायचं ठरवलं, की मुली, माणसाचं मोल तुझ्या त्या धड्यात नाही, आपल्या शास्त्रात आहे. तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबलो, कारण धाप लागली आणि तिचा कागद आठवला. हे तर तिने लिहिलंच होतं. दुसरं वाक्य. जे वाचवायला मी वही भरत होतो ते पोरीने आधीच जपून ठेवलं होतं. मग मी भांडत कशाशी होतो? मला राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना.

शनिवार उजाडला. दरवर्षी साक्षीच्या आदल्या दिवशी मी हॉलमधल्या चित्रांवरून ताजा हात फिरवतो. सहा दिवस, सहा चौकटी, प्रत्येकी चार फूट. ओवी लहानपणापासून रंग कालवायला सोबत असते. या वर्षी मी तिला बोलावलं नव्हतं. तीन आठवडे आम्ही 'मीठ दे' आणि 'पंखा बंद कर' एवढंच बोलत होतो. तरी ती आली. जुनी चादर खाली अंथरली आणि न बोलता डबे उघडायला लागली.

पहिल्या चौकटीला ओल आली होती. पिवळ्या रंगाचे पोपडे सुटले होते. मी पत्र्याची पट्टी घेऊन खरवडायला लागलो, आणि पिवळ्याखालून तांबडा रंग वर आला. आधी एक किरण, मग दुसरा. मी हात थांबवला, पण उशीर झाला होता. पोपडा आपणच गळून पडला आणि खालून गोल, हसरा, गालांवर लाली असलेला सूर्य बाहेर आला.

मला तो दिवस जसाच्या तसा आठवला. ओवी नऊ वर्षांची होती. मी काठी घेऊन चित्रं समजावत होतो, पहिला दिवस, दुसरा दिवस. तिने हात वर केला. "आजोबा, पहिल्या दिवशी सूर्य कसा? शास्त्रात तर सूर्य चौथ्या दिवशी केलाय. मग पहिले तीन दिवस सकाळ आणि संध्याकाळ कशी झाली?"

तिचं खरं होतं. पहिल्या दिवशी नुसता उजेड. उजेड काढायचा तर पेंटरचा हात आपोआप सूर्यच काढतो, तसा मी काढला होता. सोळा वर्षं तो भिंतीवर होता आणि पाळक, बिशप, रंगराव, कोणाच्याही लक्षात आला नव्हता. एका नऊ वर्षांच्या पोरीच्या आला. आणि मी काय केलं? "शास्त्रात खोट काढतेस?" म्हणून ओरडलो आणि तिला तासभर दाराशी उभं केलं. सगळी पोरं बघत होती. सोमवारी गुपचूप येऊन मी त्या सूर्यावर पिवळा रंग फिरवला. कोणाला काही बोललो नाही. चूक माझी आणि शिक्षा तिला.

"तुला आठवतंय हे?" मी विचारलं. 

"पुढच्या रविवारी सूर्य नव्हता," ओवी डब्यातला रंग ढवळत म्हणाली. "मला लगेच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते."

सहा वर्षं! मी खुर्ची ओढून बसलो.

"शाळेने नाही हो मला बिघडवलं, आजोबा," ती म्हणाली. "मी तेव्हापासूनच विचार करत होते. सूर्यच नव्हता तर तो दिवस चोवीस तासांचा कशावरून? देवाचा दिवस आपल्या घड्याळाचा नसेल. मग शाळेत तो धडा आला तेव्हा मला काही धक्काबिक्का बसला नाही. उलट वाटलं, अच्छा, म्हणजे इतका मोठा दिवस होता तर!"

 मग मनात इतके दिवस जे ठसठसत होतं ते सांगितलं. हे मी सलिललाही कधी सांगितलं नव्हतं.

"माझ्या आजोबांचं घर वेशीबाहेर होतं. मेलेली ढोरं ओढायची, हे काम. गाव त्यांना त्या ढोरांतच मोजायचं. मिशनच्या शाळेत मास्तरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, पोरा, देवाने माणसाला स्वतःच्या प्रतिरूपाचं केलंय, तुलाही. आजोबा त्या दिवशी घरी ताठ मानेने चालत आले. चावडीसमोरून ताठ चालला म्हणून पाटलाच्या माणसांनी त्यांना झोडपलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तसेच ताठ चालले. त्या एका वाक्यावर आपलं घराणं उभं आहे, ओवी. आणि माझी नात सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार, आम्ही जनावरांतून आलो! मला ते सोसत नाही. बस, एवढंच आहे."

ओवी माझ्या पायांशी चादरीवर बसली. ती हातावरचा पिवळा डाग खरवडायला लागली.

"आजोबा, पण मग सगळेच आले ना?"

"काय?"

"तो पाटीलही. त्याचे पणजोबा, खापरपणजोबा, सगळे त्याच रांगेतून. ज्यांनी आपल्याला ढोरांत मोजलं त्यांचंही मूळ तेच. त्या धड्यात वेशीच्या आतले आणि बाहेरचे असं काही नाहीच. आणि प्रतिरूप दिलंय तेही सगळ्यांना. मी दोन्ही वाक्यं त्याचसाठी लिहिलीत."

मला हसू फुटलं. खोकला येईपर्यंत हसलो. माझे आजोबा असते तर त्यांनी हे वाक्य गावच्या वेशीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं असतं, तेही माझ्याकडूनच.

पण उद्या उभा राहीन, असं मी म्हणालो नाही. जीभ उचललीच जात नव्हती. रंगरावांना दिलेला शब्द होता, बावीस वर्षांचा सुपरिंटेंडंटपणा होता. ओवीनेही विचारलं नाही. तिने डब्यांची झाकणं लावली, आणि पहिली चौकट तशीच, सूर्यासकट, उघडी राहिली.

रविवारी चर्च भरलं होतं. ओवी चौथी. आधीच्या तिघांच्या साक्षी झाल्या, तिघांसाठी माणसं उठली, सगळं सुरळीत. मग ओवी पुढे गेली. पांढरा पंजाबी ड्रेस, हातात तोच घडी घातलेला कागद. तिने पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचलं. तिसरं वाचण्याआधी क्षणभर थांबली. मला वाटलं गाळते की काय, आणि आश्चर्य म्हणजे मला भीती वाटली की ती गाळेल. तिने वाचलं, स्पष्ट, एकेक शब्द.

कुजबुज झाली. रंगराव खोकले. ते मुद्दाम खोकले की सर्दी होती, देव जाणे.

"हिच्यासाठी कोण उभं राहतं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

कोणी हललं नाही. लोक माझ्याकडे बघत होते. करुणा बघत नव्हती. ती मान खाली घालून प्रार्थना करत होती, आणि माझ्या बरगडीत कोपर खुपसत होती. ओवी समोर एकटी उभी होती. नऊ वर्षांची असताना दाराशी उभी होती तशीच, हात मागे बांधून, ताठ. तेव्हाही ती रडली नव्हती.

मी उठलो. गुडघे वाजले. पुढे जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो आणि मंडळीकडे तोंड केलं. फक्त 'मी उभा राहतो' म्हणायचं असतं, पण मला तेवढं पुरलं नाही.

"मंडळी, सलाम. हिचं तिसरं वाक्य मला पटलेलं नाही. अभ्यास चालू आहे, आत्तापर्यंत दहापैकी चार मार्क आहेत. पण एक साक्ष मलाही द्यायचीय. हॉलमधल्या पहिल्या चित्रात मी सूर्य काढला होता. शास्त्रात तो चौथ्या दिवशी आहे. सोळा वर्षं ही चूक मी तुमच्या मुलांना शिकवली. या पोरीने ती दाखवली, तर मी हिला तासभर दाराशी उभं केलं आणि मग चोरून सूर्य पुसला. शास्त्र हिने माझ्यापेक्षा नीट वाचलं होतं. देवाने निर्माण केलं, हे मी हिला शिकवलं. खरं बोलायचं, हेही मीच शिकवलं. त्यातलं एक धरून दुसरं सोड, असं मी हिला सांगू शकत नाही. ओवी, माझं चुकलं. मी हिच्यासाठी उभा राहतो."

ओवीने माझा हात धरला. तिची बोटं बर्फासारखी गार पडली होती. म्हणजे इतका वेळ ती ताठ उभी होती ती अशी. माझे डोळे पुन्हा ओले झाले, आणि या वेळी कोरडे झाले नाहीत.

बाहेर पडताना रंगराव दारात भेटले. "रणनवरे, मला हे अजिबात पटलं नाही."

"मलाही सगळं कुठे पटलंय?"

त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "तो सूर्य... मीही सोळा वर्षं बघत होतो हो," ते म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

शेवटच्या बाकाशी गद्रे उभे होते. चर्चमध्ये पाऊल टाकण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. शेजाऱ्यांना बंधूंजवळ थोडा वेळ बसवून आले होते. मी विचारलं, "किती दिलेत?"

"आठ."

"दोन कुठे कापले?"

"भाषण लांबलं. चला, माधवच्या जेवणाची वेळ झाली."

पुढच्या रविवारी बिशपसाहेबांनी ओवीच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या पुढच्या रविवारी मी हॉलमध्ये पोरांपुढे उभा राहिलो. पहिली चौकट नवी होती, ओवीने रंगवलेली. तिच्यात सूर्य नाही, काहीच नाही, नुसता उजेड. मला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते तिने दोन तासांत केलं. मी काठी उचलली आणि मग परत कोपऱ्यात ठेवून दिली.

"मुलांनो," मी म्हणालो, "सुरुवात करण्याआधी, कोणाला काही विचारायचंय?"

अकरा पोरं होती. अकरा हात वर आले.

घ्या! मी खुर्ची ओढली आणि बसलो. "एकेक जण बोला," मी म्हणालो. "आणि कोणी दाराशी जायचं नाही."